पास झाली तर किल्ली तुमची

पुतळीनं गाडीचं लायसन काढलं आणि त्या दिवसापासून तिचा दीर सुदेश तिच्याशी सरळ बोलेनासा झाला.

गाडी तिच्या नवऱ्याची, वासूची. जुनी डिझेल पिकअप. फणसावरून पडून वासूचा गुडघा कायमचा गेला, क्लच दाबता येईना, तेव्हा धाकट्या सुदेशनं गाडी हातात घेतली. सुरुवातीला तो गावातून, बाजारकुणंगहून, घरचे कंद आणि केळी रामनगरच्या बाजाराला नेई. पुढं त्याला जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची भाडी मिळायला लागली, आणि घरच्या मालाला गाडी कधीच रिकामी सापडेना. एका वर्षी पुतळीनं खणलेले कंद अंगणातच कुजले. ते उकिरड्यावर टाकून ती माहेरी गेली आणि चुलतभावाकडून गाडी शिकून आली. सुदेशनं किल्ली मात्र दिली नाही.

मग एकदा नाक्यावर पोलिसांनी पिकअप अडवली. मागून काळाकुट्ट धूर, आणि एमिशनचं, म्हणजे धुराच्या तपासणीचं, सर्टिफिकेट केव्हाच संपलेलं. घरी येऊन सुदेश म्हणाला की गाडी म्हातारी झाली, भंगारात घालू, मी माझ्या नावावर दुसरी बघतो. पुतळी नाही म्हणाली. वासू दोघांच्या मधे भिंतीला टेकून बसला होता.

"पास झाली तर किल्ली तुमची, वैनी," सुदेश म्हणाला. "न्हाई झाली तर भंगार. परत त्वांड उघडायचं न्हाई."

वासूनं मान हलवली. अट ठरली.

रामनगरपर्यंत दोघं एका केबिनमधे बसून गेली. सुदेश मुद्दाम प्रत्येक खड्ड्यात गाडी घालत होता. पुतळी दाराची कडी धरून बाहेर बघत राहिली. एकदा तिचं डोकं काचेवर आपटलं, तरी तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही.

एमिशनचं दुकान श्वेता नावाची बाई चालवत होती. तिनं सायलेन्सरच्या तोंडात नळी घातली आणि सुदेशला ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सोडायला सांगितलं. पहिल्याच दाबाला एवढा धूर सुटला की समोरच्या भाजीवाल्यानं टोपली झाकून शिव्या दिल्या. फेल. धुराचा आकडा मर्यादेच्या कितीतरी वर गेला होता.

"झालं?" सुदेशनं खिडकीतून विचारलं. "चला आता भंगारवाल्याकडं."

दुरुस्ती करून परत तपासता येतं का, एवढंच पुतळीनं श्वेताला विचारलं. येतं म्हणाल्यावर ती शेजारच्या गॅरेजात गेली आणि परशुराम मेस्त्रीला घेऊन आली. सुदेश म्हणाला, अट एकदाच्या तपासणीची होती. पुतळी म्हणाली, तसं कुणी म्हणालं नव्हतं.

परशुरामनं बॉनेट उघडलं. एअर फिल्टर लाल मातीनं गच्च भरला होता, तो त्यानं बदलला. मग इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाकडं वाकून बघितलं आणि सरळ उभा राहिला. पंपाच्या स्क्रूचं सील तुटलेलं होतं. जास्त डिझेल जावं, जड माल घेऊन चढ ओढावा, म्हणून कुणीतरी स्क्रू पिळलेला, धूर त्याचाच. कुणी केलं, असं त्यानं विचारलं. सुदेश दुसरीकडं बघायला लागला.

"तुमास्नी ठावं होतं," पुतळी म्हणाली.

"ठावं होतं म्हनूनच पैज लावली."

त्याच्या तोंडावर लाज नव्हती. एवढे दिवस पुतळी त्याला आळशी समजत होती, हावरट समजत होती. आपल्याला जाणूनबुजून खड्ड्यात घालेल असं तिला वाटलं नव्हतं. परशुरामनं स्क्रू जागेवर आणेपर्यंत ती सुदेशकडं टक लावून उभी राहिली.

दुसऱ्या तपासणीला सुदेशनं ॲक्सिलरेटर अर्धाच दाबला. श्वेता म्हणाली, असं केलं तर तपासणी धरत नाही. त्यानं पुन्हा अर्धाच दाबला.

पुतळीनं दार उघडलं. "उतरा, भावजी."

तो हलला नाही.

"उतरा. न्हाईतर हितंच सगळ्यांम्होरं सांगते, सील कुनी तोडलं ते."

भाजीवाला बघत होता, गॅरेजातली माणसं बघत होती. सुदेशनं गाडी बंद केली, किल्ली काढून ऑइल सांडलेल्या मातीत टाकली आणि उतरला. पुतळीनं ती उचलून पदराला पुसली. मग ती सीटवर बसली, इंजिन परत तापवलं आणि श्वेता सांगेल तेव्हा पाय तळापर्यंत दाबला. एकदा, दोनदा, पुन्हा. धूर आला तो फिकट. गाडी पास झाली.

परतताना सुदेश तिच्या शेजारी बसला नाही, मागं हौद्यात जाऊन उभा राहिला. स्क्रू जागेवर आल्यामुळं गावाअलीकडच्या चढाला गाडीचा दम कमी पडला. तेव्हा टपावर थाप मारून तो ओरडला, आता उतरून ढकला, वैनी. पुतळीनं पहिला गिअर टाकला. गाडी रडतरखडत, पण वर आली. आता हिच्यात पूर्वीएवढा माल भरता येणार नाही, हे तिला तिथंच कळलं.

ती घरी आली तेव्हा वासू उंबऱ्यात बसला होता. तिनं सगळं सांगितलं. ऐकून घेऊन तो म्हणाला, "चारचौघांत माझ्या भावाची अब्रू काढलीस."

"आनि त्यांनी किल्ली मातीत टाकून माझी काढली ती?"

वासू उठून आत गेला. त्याच आठवड्यात सुदेशनं पडवीत वेगळी चूल मांडली. पुतळी कंदांची पोती थोडी थोडी करून दोन खेपांत रामनगरला नेऊ लागली. ती गाडी बाहेर काढायला लागली की सुदेश वाटेत बाज टाकून पडतो. ती हॉर्न देत नाही. खाली उतरते, बाज त्याच्यासकट बाजूला ओढते आणि निघून जाते.