रेडिएटरमधली गार जागा

सदाशिवरावांची राखी रंगाची गाडी तळेगावच्या अलीकडच्या चढाला लागली की उसासे टाकायची. आधी तापमानाचा काटा चढायचा, मग बॉनेटच्या फटींतून वाफ यायची, आणि वाफेपलीकडचे माळ, बाभळी, दूरची धुराडी पाण्यात बुडाल्यासारखी हलायला लागायची. शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलीला, चित्राला, ते दृश्य मनातून आवडायचं. तिच्या दादांना मात्र नाही. ते गाडी कडेला घ्यायचे आणि स्टिअरिंगवरच्या आपल्या हातांकडे बघत बसायचे.

"हात गेला माझा," ते एकदा म्हणाले. "कुठे कुठला गिअर टाकायचा, कळेनासं झालंय. गाडी बिचारी सोसते."

पिंपरीतल्या एका कंपनीची टूलरूम सांभाळून ते निवृत्त झाले होते. सकाळी गाडी काढून दूरवर जाऊन येणं, एवढं एकच सुख त्यांनी स्वतःसाठी ठेवलं होतं. आता तेही सोडायचं त्यांनी ठरवलं. गाडी विकत घेणारा तळवड्याचा सयाजी रविवारी ती न्यायला येणार होता, आणि त्यानंतर पुन्हा म्हणून चाक धरायचं नाही.

सयाजी आधी एकदा येऊन बघून गेला. "गाडी न्हाई सदूभाऊ, बंब हाय ह्यो! न्हाणीत ठिवा, समद्या आळीच्या आंघोळी हुतील."

दादाही हसले, पण जरा उशिरा. ते उशिराचं हसणं चित्राला टोचलं. ती नुकतीच भौतिकशास्त्र घेऊन एम.एस्सी. झाली होती. गाडी चालवता येत नसली, तरी उष्णता कुठून येते आणि कुठे अडते हा प्रश्न तिच्या ओळखीचा होता.

शनिवारी दुपारी तिने गाडी अंगणातच चालू करून ठेवली. काटा चढला.

"बघा दादा, आत्ता कुणाचा हात होता?"

"उभ्या गाडीला वारा कुठला? तापणारच ती."

मुद्दा बरोबर होता. चित्रा कामाला लागली.

पाणी पुरेसं होतं. पंख्याचा पट्टा घट्ट होता. इंजिन तापलं की पाण्याला रेडिएटरची वाट मोकळी करून देणारी पितळी झडप तिने काढली आणि चहाच्या पातेल्यात उकळत ठेवली. आई, वासंतीबाई, पदर खोचून शेजारी उभ्या राहिल्या. पाणी गुणगुणायला लागलं आणि झडप अगदी सावकाश उघडली.

"अगंबाई, जागी झाली की!" वासंतीबाई म्हणाल्या. "पण ह्या पातेल्यात आता मी चहा करायची नाही हं."

म्हणजे झडपेचाही दोष नव्हता. ती परत बसवून चित्राने इंजिन पुन्हा तापवलं, बंद केलं, आणि डोळे मिटून रेडिएटरच्या जाळीवर तळवा धरला. थंडीतलं कलतं ऊन पाठीवर होतं. कुठल्याशा कंपनीचा भोंगा झाला आणि विरून गेला. मिटल्या डोळ्यांपुढे तिला ते पाणी दिसत होतं: इंजिनाच्या भिंतींना बिलगून तापणारं, वर येणारं, मग बारीक नळ्यांमधून उतरत उतरत शांत होणारं. तिचा तळवा त्या पाण्याबरोबर खाली सरकू लागला. वर चटका बसला. कडेलाही गरम लागलं. आणि मधोमध, अचानक, सावलीतल्या दगडासारखं गार.

ती तिथेच थांबली. गार, म्हणजे इथे गरम पाणी पोचतच नव्हतं. सगळं तापत होतं ते ह्या गार जागेमुळे.

इंजिन निवल्यावर तिने झाकण काढून आत बोट घातलं. बोटाला पिवळा गाळ लागला. तिने वास घेतला.

"दादा, ही हळद आहे."

दादा जास्वंदीकडे बघायला लागले. "पूर्वी एकदा वाटेत रेडिएटर गळायला लागला होता. एका ट्रकवाल्यानं सांगितलं, मूठभर हळद टाका. टाकली. गळायचं थांबलं."

"एकदाच ना?"

"नंतरही… अधूनमधून, चमचाभर. घसा बरा असला तरी आपण दूध-हळद घेतोच की!"

"तरीच!" वासंतीबाई उसळल्या. "डबा सारखा तळाला जातो म्हणून मी भांडीवाल्या कस्तुराला बोलत होते!"

"म्हणजे माझाच प्रताप," दादा पुटपुटले.

"प्रताप तुमचा," चित्रा म्हणाली, "पण हाताचा नाही."

रात्रभर नळ्यांत धुण्याचा सोडा भरून ठेवला. सकाळी तिने खालच्या तोंडाला बागेचा पाइप लावून पाणी उलटं सोडलं. वरून हळदीच्या खपल्या निघाल्या आणि अंगणातून पिवळे ओहोळ धुक्यात वाहत गेले. पाणी नितळ येईपर्यंत दादा शेजारी उकिडवे बसून होते. मग त्यांनी हात धुतले आणि किल्ली घेतली.

काट्यावर नजर ठेवायची म्हणून चित्रा पुढे बसली. मोशीचा रस्ता धरला. धुकं काचेवर येऊन मऊपणे फुटत होतं. गिअर केव्हा बदलला ते कळतही नव्हतं. चढ आला, गेला. काटा मध्यावर होता. पुन्हा पाहिलं, मध्यावरच. मग तिने पाहिलंच नाही.

जाग आली तेव्हा इंद्रायणीचा पूल मागे पडला होता आणि दोन्हीकडे ज्वारीची शेतं होती.

"दादा, अहो, परत वळायचं ना? सयाजीकाका येऊन बसले असतील."

"बसू दे की," दादा म्हणाले. "तुझी आई चहा देईल त्याला." आणि गाडी चाकणच्या दिशेने तशीच पुढे जात राहिली.