गवतातली हजेरी

आर्डिसने फाटकाची साखळी काढली, कुलूप खांबाला अडकवलं आणि डेल्मरला पुढे जाऊ दिलं. त्याच्या खांद्यावर बांबूच्या दातांचं दाताळं होतं. जुलैच्या सकाळी नुसती एक फेरी मारायची, त्याला दाताळं कशाला, हे तिला कळेना. पण आज विचारायचं होतं ते वेगळंच, आणि ते अजून तिच्या जिभेवर येत नव्हतं.

तिला त्याच्याकडची फाटकाची किल्ली परत घ्यायची होती.

दीड मैलाची ही वाट आधी उघड्या माळातून जाते, मग ओकच्या राईला वळसा घालून पुन्हा फाटकाशी येते. चढ नाही, दगड नाहीत. चौथीतली मुलंसुद्धा दमत नाहीत. आर्डिसने गेल्या वीस वर्षांतल्या आपल्या प्रत्येक वर्गाला ती दाखवली होती. त्याआधी इथे डेल्मरचा मका होता, आणि त्याआधी त्याच्या वडिलांचा. बावीस वर्षांपूर्वी डेल्मरने नांगर थांबवला आणि ही ऐंशी एकर जमीन पुन्हा माळ करायला गावातल्या काही मंडळींच्या हवाली केली. बापाने नांगरलेलं पोरगा परत गवत करतोय, असं म्हणून गावातले शेतकरी कॉफीच्या टेबलावर खूप हसले होते. माळ काही आपोआप झाला नाही. रेल्वेच्या कडेला आणि जुन्या दफनभूमीच्या कुंपणाशी जे मूळचं गवत उरलं होतं, त्याचं बी आर्डिसने, डेल्मरने आणि आणखी दहाबारा जणांनी गळ्यात पिशव्या अडकवून ओरबाडून आणलं, पेरलं, तण मरावं म्हणून दर वसंतात वाळकं गवत जाळलं आणि वाट पाहिली.

अकराव्या वर्षी राईमागच्या ओलसर खोलगट जागेत पांढरी झालर-ऑर्किडं उगवली. ती कुणी पेरली नव्हती. नऊ रोपं. ती कुठे आहेत हे फक्त दोघांनी जाणायचं, तिसऱ्याला सांगायचं नाही, घरच्यालाही नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. त्यांच्यावर येणारे पतंग हल्ली फिरकत नाहीत. म्हणून फुलांच्या दिवसांत एका फुलाचा पराग दात कोरायच्या काडीने उचलून दुसऱ्या रोपाच्या फुलात लावायचा. हे काम आर्डिसचं आणि डेल्मरचं.

गेल्या गुरुवारी नवांतली दोन रोपं नव्हती. चौथं आणि पाचवं. त्यांच्या जागी कुदळीने घेतलेले दोन स्वच्छ गोल खड्डे होते.

दोघांनाच माहीत. त्यातली एक ती स्वतः. मग उरलं कोण? डेल्मर सकाळी सहा जणांबरोबर कॉफीला बसतो आणि बसला की बोलतो. शिवाय नोर्माने, जी गाडीतळावरचा सूचनाफलक सांभाळते, त्याला दोनदा संध्याकाळी राईतून बाहेर येताना पाहिलं होतं. गुडघे चिखलाने भरलेले. फुलांना काडी लावायची ती सकाळी. संध्याकाळी तिथे कुणाचंच काम नसतं. माळ सांभाळणाऱ्या मंडळींनी त्याची किल्ली परत घ्यायचं ठरवलं, आणि ते सांगायचं काम आर्डिसवर आलं.

"बाई, शाळा सुटली तुमची," डेल्मर मागून म्हणाला. "जरा हळू."

त्याची धाकटी मुलगी तिच्या वर्गात होती. तेव्हापासून तो तिला बाईच म्हणत आला होता. आर्डिसने पाय आवरला. शाळा खरंच सुटली होती. मेमध्ये ती निवृत्त झाली. आधी ती शनिवारीच ऑर्किडांकडे जायची. आता रोज सकाळी जायची. सातच्या ठोक्याला, हातात काहीतरी हवं म्हणून पेन्सिल घेऊन. एकापासून नवापर्यंत बोट फिरवायचं, प्रत्येकापाशी थोडं थांबायचं, कुणाची मान झुकलीय, कुणाला कीड लागलीय ते बघायचं. मगच तिचा दिवस सुरू होई.

बाकापाशी बोलू, असं तिने ठरवलं होतं. बाक आला. तिने डब्यातून रूबार्बच्या आंबट देठांच्या केकचे तुकडे काढले. डेल्मरने दोन खाल्ले आणि यंदा पावसाने निळं गवत कसं कमरेच्या वर गेलंय ते सांगत बसला. ती मान हलवत राहिली. वाक्य तयार होतं: मंडळींनी ठरवलंय की तुमच्याकडची किल्ली. त्यापुढे ते जाईना. डबा बंद करून ती उठली.

राईच्या वळणावर तीन मोठे ओक एकत्र उभे आहेत. तिथे डेल्मर थांबला, दाताळं खांद्यावरून उतरवलं आणि वाट सोडून गवतात शिरला. जपून, पावलं लांब टाकत. मग वाकून, जमिनीजवळून वर, असं दाताळं ओढू लागला. आडवं पडलेलं गवत उठायचं, हलायचं आणि पुन्हा निम्मं झुकायचं.

"हे काय चाललंय?" आर्डिसने विचारलं.

"केस विंचरतोय."

"डेल्मर."

त्याने दाताळं पुन्हा ओढलं. तो ज्या ओळीने विंचरत चालला होता ती आता तिला दिसली. एका बुटाच्या रुंदीची. गवत एकाच बाजूला दबलेलं, बुंध्याशी पिवळं पडलेलं. रानटी आलुबुखाराच्या झुडपाशी ती ओळ डावीकडे वळत होती, जिथे फांदी चुकवायला ती रोज वळायची. पुढे ओलसर मातीत तिच्याच बुटाची टाच उमटलेली होती. वाटेवर उभ्या असलेल्या कुणालाही दिसेल आणि कुणीही सहज चालत जाईल, अशी सरळ ऑर्किडांच्या खोलगट जागेपर्यंत.

आर्डिसने ओकच्या खोडाला हात लावला.

"कधीपासून?"

"मेपासून. संध्याकाळी येतो. गवत कोवळं होतं तोवर उठायचं. आता हट्टाला पेटलंय." त्याने गुडघा टेकला आणि दाताळ्याला न जुमानणारी पाती हाताने सोडवली. "आमच्या गायींचं असंच असायचं. चाळीस एकर मोकळं, पण पाण्याला जायच्या त्या एकाच रेघेने. मी दर वेळी वेगळ्या अंगाने शिरतो."

"मला सांगायचं होतंत."

डेल्मरने मनगटाने कपाळ पुसलं.

"तुम्ही हजेरी घेत होता, बाई. हजेरी चालू असताना वर्गात बोलायचं कुणी?"

उरलेली वाट ती त्याच्या मागून चालली. कुठेतरी मैनेएवढा एक पक्षी गवताच्या टोकावर झुलत गात होता. एरवी तिने त्याचं नाव सांगितलं असतं. फाटकाशी आल्यावर डेल्मरने दाताळं टेकवून ठेवलं, खिशात हात घातला आणि किल्ली काढून खांबावर ठेवली.

"हीच मागायला बोलावलंत ना? नोर्माच्या पोटात काही राहत नाही."

म्हणजे तो हे जाणून आला होता, आणि तरी दाताळं घेऊन.

आर्डिसने किल्ली उचलली. साखळी ओढली, कुलूप लावलं, त्याच्याच किल्लीने. मग ती किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि तिच्यावर आपल्या खिशातली दात कोरायच्या काड्यांची डबीही ठेवली.

"माझ्या मनात तुमच्याबद्दल वाईट आलं होतं," ती म्हणाली.

"आलं असेल," डेल्मर म्हणाला. "आणखी एक दाताळं आहे गोठ्यात. दात तुटलेत थोडे."

"चालेल."

दुसऱ्या दिवशी सातला ती तीन ओकांपाशी उभी होती. वाट सोडली नाही. डेल्मर पलीकडून, ओढ्याच्या अंगाने शिरला होता. गवतावर फक्त त्याची गवती टोपी दिसत होती. ती खाली जायची, काही वेळ नाहीशी व्हायची, मग वर यायची. एक. दोन. तीन.

तिसऱ्यानंतर टोपी बराच वेळ वरच राहिली, दोन खड्डे ओलांडेपर्यंत.

आर्डिस पेन्सिल धरून थांबली. टोपी पुन्हा खाली गेली, तेव्हा ती हळूच म्हणाली, सहा.