बाबांचं इंग्लिश

केदार सबनीस पडद्यावर कितीदा तरी डॉक्टर झाला होता, पण त्यातल्या एकाही डॉक्टरला नाव नव्हतं. 'डॉक्टर नंबर दोन', 'टॅक्सीवाला', 'मोटेलचा मालक', 'वैतागलेला शेजारी'. गोळी लागलेल्या पोलिसाच्या बायकोसमोर हळूच मान हलवायची, "वी डिड एव्हरीथिंग वी कुड" म्हणायचं आणि दाराबाहेर पडायचं. रडण्याचं काम नाव असलेल्या नटांकडे. शिकागोत शूटिंग होणाऱ्या निम्म्या मालिकांत त्याने अशी मान हलवली होती. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानात भेंडी निवडताना लोक त्याला अडवून विचारत, "तुम्हाला कुठेतरी पाहिलंय. इन्शुरन्समध्ये आहात का?"

केदार जन्मला शिकागोत, वाढला शिकागोत. बोलायला लागला की डोळे मिटून ऐकणाऱ्याला वाटावं, गल्लीतला गोरा प्लंबर बोलतोय. पण मालिकावाल्यांना असा सबनीस काय कामाचा? त्यांना हवा होता काल विमानातून उतरलेला. पहिल्याच ऑडिशनला त्यांनी "जरा ॲक्सेंट देता का?" असं गोड आवाजात विचारलं, तेव्हा गडी गांगरला आणि तोंडाला आलं ते बोलून बसला. तोंडाला आलं होतं बाबांचं इंग्लिश. प्रत्येक शब्द सुटा, खिळ्यासारखा ठोकून बसवलेला, आणि वाक्य संपलं की वर एक छोटीशी जरब. काम मिळालं. तेव्हापासून बापाच्या जिभेवर पोराचं घर चाललं होतं. ही गोष्ट त्याने बापाला कधी सांगितली नाही.

बाबा म्हणजे चंद्रशेखर सबनीस, निवृत्त सिव्हिल इंजिनिअर. त्यांना आपल्या इंग्लिशचा कोण अभिमान. महाराष्ट्र मंडळात अमेरिकन पाहुणा आला की त्याची ओळख करून द्यायला तेच उभे राहत, आणि पाहुणा बिचारा आपलीच ओळख लक्ष देऊन ऐकत बसे. लेकाचं एकही काम न चुकवता ते बघत आणि पोट धरून हसत.

"काय रे हे ध्यान! असं कोण बोलतं? आपल्याच लोकांची टर उडवता आणि वर पैसे घेता!"

असं झालं की आई, म्हणजे सुनेत्राबाई, उठून स्वयंपाकघरात जात आणि भांडी लावत बसत. त्यांना केव्हाच कळलं होतं.

अशात एक दिवस एजंटचा फोन आला. नव्या मालिकेत नायिकेचा बाप हवाय, निवृत्त इंजिनिअर, पात्राचं नाव प्रल्हाद राव. नाव, आणि वर आडनावसुद्धा! केदारला फोन धरून खुर्चीत बसावं लागलं. पन्नाशी दाराशी आलेली, कानाजवळचे केस पांढरे झालेले. हे हुकलं तर मरेपर्यंत आपण नंबर दोनच, हे त्याला स्वच्छ दिसत होतं.

हल्ली ऑडिशनला कुणी बोलावत नाही. घरीच फोनवर रेकॉर्ड करून पाठवायचं, आणि समोरच्या पात्राची वाक्यं कॅमेऱ्याबाहेरून कुणीतरी वाचायची. एरवी बायको, वैदेही, वाचायची, पण ती कामासाठी सिॲटलजवळ बॉथेलला गेलेली. आईने डोळ्याचं ऑपरेशन झाल्याचं निमित्त सांगितलं. उरले बाबा. त्यांनी चष्मा चढवला, घसा खाकरला आणि फोनमागे उभे राहून नायिकेचं वाक्य वाचलं, "डॅड, आय ॲम प्रेग्नंट." आवाज असा, की न्यायाधीश शिक्षा सुनावतोय.

"बाबा, ती रडतेय. थोडं soft."

"रडतेय म्हणून काय डिक्शन सोडायची?"

आता केदारची पाळी. तो तोंड उघडणार तोच त्याच्या लक्षात आलं, की ज्यांची नक्कल करायची ते समोरच उभे आहेत. जीभ अर्ध्यात अडली. अर्धं शिकागो, अर्धे बाबा, असं काहीतरी कडबोळं बाहेर पडलं. दुसरा टेकही तसाच. तेच पाठवलं.

एजंटने कळवलं, "Honey, त्यांना तुझा ॲक्सेंट ऑथेंटिक नाही वाटला." आणि मग जरा थांबून, "ती प्रेग्नंट मुलगी कोण होती?"

प्रल्हाद रावांचं काम बाबांना मिळालं. आडात भरपूर होतं, पोहराच गळका निघाला. तोंडाशी आलेला घास बापाने पळवला, तोही भूक नसताना. बाबांना यात काहीच नवल वाटलं नाही. "त्यांना क्लॅरिटी आवडली असणार," ते म्हणाले. रोज सकाळी त्यांना शूटिंगला नेऊन सोडायचं काम केदारकडेच आलं. टॅक्सीवाला तो होताच, आता खरा झाला.

सेटवर दिग्दर्शकाने हात जोडून सांगितलं, "सर, नेहमी बोलता तसंच बोला." बाबांनी ते मनावर घेतलं नाही. अख्खा देश ऐकणार, तिथे नेहमीचं कसं चालेल? त्यांनी बँकेच्या फोनसाठी राखून ठेवलेलं अमेरिकन बाहेर काढलं. "आयम गॉना बी ऑनेस्ट विद या, स्वीटहार्ट!" दिग्दर्शकाचा चेहरा उतरला. त्याने समजावलं, विनवलं, शेवटी लवून नमस्कारही केला. बाबा बधले नाहीत. चेहरा मात्र असा जमला होता, की कॅमेरामन डोळे पुसत होता. चेहरा ठेवायचा आणि आवाज बदलायचा असं ठरलं. पण तसा आवाज आणायचा कुठून? एजंटने केदारला फोन केला.

स्टुडिओच्या बंद खोलीत पडद्यावर बाबांचे ओठ हलत होते. या वेळी बाबा ऐकायला नव्हते. केदारने जीभ मोकळी सोडली. इतकं चांगलं काम त्याने आयुष्यात केलं नव्हतं, आणि ते त्याचं म्हणून कुणाला कळणार नव्हतं.

पहिला भाग लागला त्या संध्याकाळी आईने बटाटेवडे केले होते. पडद्यावर प्रल्हाद राव आले, लेकीकडे वळले आणि बोलले.

बाबा सवयीने खो खो हसले. "काय हे ध्यान! असं कोण..."

हसू तिथेच थांबलं. तोंड त्यांचंच होतं.

"हा माझा आवाज नाही."

"अहो, तुमचाच आहे," आई म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून ऐकतेय." या वेळी त्या स्वयंपाकघरात गेल्या नाहीत.

बाबांनी हातातला वडा बशीत ठेवला आणि लेकाकडे पाहिलं. "म्हणजे तो डॉक्टर? तो मोटेलवाला?"

"हो, बाबा."

हा क्षण यावा म्हणून केदार किती वर्षं मनात झुरला होता! आता आला तर त्याला बापाची नुसती दया आली.

"मग इतकी वर्षं मी हसत होतो कुणाला?"

त्या पोलिसाच्या बायकोसमोर हलवायचा, तशी केदारने हळूच मान हलवली.