जोडबाबांचं पाणी

कारखान्यातली यंत्रं त्या सकाळी बंद होती आणि शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध टेबलामागे जोडबाबा बसले होते. मोडलेले संसार आणि मोडकी हाडं जोडतात असा त्यांचा बोलबाला. आता मालकांनी त्यांना कारखान्यात बनणाऱ्या शिड्यांसाठी बोलावलं होतं.

शिड्या फायबरच्या. काचेच्या तंतूंचं कापड चिकट, पातळ राळेत भिजवायचं, थरावर थर द्यायचे, घट्ट झालं की दांडा तयार.

"काच म्हणजे देह, राळ म्हणजे आत्मा," बाबा डोळे मिटून म्हणाले. "मध्ये अहंकार शिरला की जोड सुटतो. आमच्या पाण्याची स्पंदनं तो विरघळवतात."

शिष्यानं दोन पट्ट्या केल्या. एक साध्या कापडाची, दुसरी मंत्रजल शिंपडून वाळवलेल्या कापडाची. राळ घट्ट झाल्यावर साध्या पट्टीतलं कापड नखानं सोलून निघालं. मंत्रजलाच्या पट्टीवर मालकांनी हातोडा घातला, तरी ती ढिम्म. सगळ्यांचे हात आपोआप जोडले गेले.

चाचणी विभागाच्या रसायनतज्ज्ञ बाईंचे मात्र नाहीत. तोवर कारखान्यात येणाऱ्या कापडावर डोळ्यांना न दिसणारा एक लेप असे. तो एका बाजूनं काचेला धरी, दुसऱ्या बाजूनं राळेला. आता मंत्रजल आहे म्हटल्यावर मालकांनी बिनलेपाचं स्वस्त कापड मागवलं. पावसात पाणी काच आणि राळ यांच्या मध्ये शिरेल, थर सुटतील, असं बाईंनी परोपरीनं सांगितलं. मालक म्हणाले, तुमचा पुस्तकांवर विश्वास, आमचा बाबांवर.

पुढच्या पावसाळ्यात एक वायरमन विजेच्या खांबावरून याच कारखान्याच्या मोडलेल्या शिडीसकट खाली आला. तो बाईंचा थोरला भाऊ होता.

त्याचे पाय कायमचे गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा बाई रडल्या नाहीत. त्यांनी मोडका दांडा मागवून घेतला. तुटल्या जागी तंतू धुतलेल्या केसांसारखे मोकळे बाहेर आले होते, एकावरही राळेचा कण नव्हता. मग बाबांच्या कार्यक्रमातल्या साध्या कापडाचा उरलेला तुकडा शोधून त्यांनी त्यावर पाण्याचा थेंब सोडला. थेंब जिरेना. कापडाला मेण चोळलेलं होतं. माल साच्याला चिकटू नये म्हणून लावतात तेच.

अपघातानं कामगार बिथरले, म्हणून मालकांनी शुद्धीसाठी बाबांना पुन्हा बोलावलं. शिष्य चहाला गेला तेवढ्यात बाईंनी टेबलावरच्या दोन्ही कापडांची अदलाबदल केली.

या खेपेला साधी पट्टी सोलताना शिष्याचं नख तुटलं. आणि मंत्रजलाची पट्टी मालकांच्या हातात पापुद्र्यासारखी सुटली.

"इथे कुणीतरी अपवित्र आहे," बाबा म्हणाले.

"आहे ना," बाई म्हणाल्या. "मेण."

उरलेल्या दोन्ही कापडांवर त्यांनी थेंब सोडून दाखवला, लेपाचं काम समजावलं आणि विकलेल्या सगळ्या शिड्या परत मागवा म्हणून सांगितलं. तोवर बाबा मागच्या दारानं पसार झाले होते. हे आधी का नाही सांगितलंत, असं मालकांनी विचारलं. 

संध्याकाळी दवाखान्यात भावानं सगळं ऐकून घेतलं. 

"माझीच श्रद्धा कमी पडली असेल गं," तो म्हणाला. "त्या दिवशी शिडीला नमस्कार न करताच चढलो."

"दादा, नमस्कारानं काच राळेला धरत नाही. तुझी काही चूक नव्हती." बाई म्हणाल्या. "ज्याच्यावर जीव टांगायचा ते आधी भिजवून बघायचं, ताणून बघायचं, मोडून बघायचं. आणि जो बघू देत नाही त्याला विचारायचं, का नाही? एवढंच. हे मी उद्यापासून एकेका वायरमनला सांगत फिरणार आहे."

भावानं चादरीखालच्या पायांकडे पाहिलं.

"मलाही ने," तो म्हणाला. "तुझं ऐकतील न ऐकतील. मला बघितल्यावर ऐकतील."