शेवटच्या माणसाची शिट्टी

मी एक पितळेची शिट्टी बोलतेय. आता बोलण्यापुरतीच उरलेय. वाजून मला तीन वर्षं झाली.

उल्हासनगरातल्या एका पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये माझा जन्म झाला. अंबरनाथच्या कारखान्यात टर्नर असलेल्या सुदामने दोन हजार साली मला विकत घेतलं, लाल नाडी ओवली आणि गळ्यात अडकवलं. त्याने पहिली फुंकर मारली तेव्हा बेलवलीच्या त्याच्या चाळीतली झोपलेली कुत्री ताडकन उठली. मला स्वतःचा भारी अभिमान वाटला.

कारखान्यातले सात-आठ जण दर ऑक्टोबरात एका रविवारी बदलापूरजवळच्या तीन डोंगरांवर जायचे. सकाळी पायथ्याच्या गावातून चढायचं, तिन्ही माथे करून संध्याकाळी त्याच गावात उतरायचं. माथ्यांना नावंही त्यांनीच ठेवलेली: थोरला, मधला, धाकटा. सगळ्यांत पुढे गुरुदत्त साहेब, सगळ्यांत मागे सुदाम. शेवटचा माणूस माथ्यावर पोचला की त्याने मला वाजवायचं. मी वाजले म्हणजे मागे कोणी नाही, उतरा. तोवर साहेबसुद्धा जागचे हलायचे नाहीत. खाली कारखान्यात सुदाम त्यांना सलाम करायचा आणि वर ते त्याची वाट बघायचे, याचं सुदामला केवढं अप्रूप!

दोन हजार सहा साली त्याची कॉलेजात जाणारी मुलगी प्रीतीही आली. थोरल्यावर ऊन चटके देत होतं. मधल्यावर वारा सुटला, ढग खालून वर चढले. तिथून पुढे निघालो आणि पाऊस कोसळला. सुदाम कारवीच्या झुडपाशी थांबला. मी त्याच्या छातीवरच लोंबत होते, म्हणून मला कळलं. आतली धडधड नेहमीची नव्हती.

"पप्पा, काय होतंय? गुरुदत्त काकांना बोलवू?"

"येडी का तू? दम लागलाय फक्त. माझ्यापायी सगळे पावसात ताटकळतील." त्याने मला काढून तिच्या गळ्यात घातलं. "तू हो पुढं. वर गेलीस की वाजव. मी आलोच मागनं."

"पण तुम्ही मागे असताना कशी वाजवू?"

"वाजव म्हणतो ना! साहेबांसमोर इज्जत ठेव माझी."

धाकट्यावर इतकं धुकं होतं की शेजारचा माणूस दिसेना. साहेबांनी हाक दिली, "आला का रे शेवटचा?" प्रीती घुटमळली. मग तिने फुंकलं. शिट्टीला नाही म्हणता येत नाही. मी खणखणीत वाजले, आणि आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले.

सगळे उतरू लागले. प्रीती बापासाठी थांबली, आणि तो येईना म्हणून धावत मागे गेली. सुदाम त्याच झुडपाखाली आडवा पडला होता. श्वास होता अजून. त्याचं डोकं मांडीवर घेऊन ती मला फुंकत राहिली, जीव तोडून. पण त्या पावसाच्या आवाजात, इतक्या खाली ऐकणार कोण? त्यांच्या लेखी मागे कोणी नव्हतंच. गावात माणसं मोजली तेव्हा साहेब उलटे धावत सुटले. ते पोचेपर्यंत सुदाम गेला होता.

प्रीती अजूनही दर ऑक्टोबरात जाते. सगळ्यांत मागे चालते. धाकट्यावर पोचली की मला ओठांशी नेते आणि तिचा श्वास तिथेच अडतो. गेल्या वर्षी ती रडत म्हणाली, "काका, नाही होत. मी वाजवली तर पप्पा मागे नाहीत, असं होईल."

साहेब दगडावर बसले. "मग नको वाजवू, पोरी. थांबू आपण." पाऊस आला, गेला, ऊन पडलं, तरी कोणी उठलं नाही.

डोंगरात तुमच्यातलं कोणी म्हणालं, 'मी आलोच मागनं,' तर बाबांनो, थांबा. आणि प्रीती, तू माझी काळजी करू नकोस. मी कपाटात बरी आहे. वाजायची मला घाई नाही. तुझ्यासारखीच मीही अजून त्याची वाट बघतेय.