आईचा नवा पलंग

"कंपनीवाल्यांशी इंग्रजीत बोललं, की सरळ होतात," शशिकांत म्हणाला. ऑपरेशन झालेल्या आईसाठी त्यानं नवा पलंग मागवला होता, जुना अंगणात काढून ठेवला होता.

पलंग आला. पावतीवरचं 'रिसीव्ड इन गुड कंडिशन' त्यानं मोठ्यानं वाचून ऐटीत सही केली. मग खोकं उघडलं. पाय तीनच निघाले.

"आधीच काहून सही केली जी?" लतिकानं बायकोच्या हक्कानं विचारलं.

"रिटर्न पिकअप बुक करून राहिलो ना!"

"तोवर जुनाच आत आण रे," खुर्चीत अवघडलेली आई म्हणाली.

"उद्या, आई."

सकाळी मेसेज आला, 'पिकअप सक्सेसफुल'. तीन पायांचा पलंग घरातच होता. अंगणातला जुना गेला होता.