उतारापुरती सायकल

मी एक जुनी सायकल आहे आणि मित्रांनो, माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. कुणी मला उगाच पुसायला लागलं की मी सावध होते. हा का पुसतोय? याला काय हवंय? तुम्ही म्हणाल, काय खवचट आहे ही! पण आधी माझी कहाणी ऐका, मग काय ते बोला.

मी मुळात अशी नव्हते. कारखान्यात नळ्या जोडून, काळा रंग चढवून मला उभं केलं, तेव्हा मला सगळी माणसं सरळच वाटायची. एका नर्सबाईंनी मला विकत घेतलं. बाई घरोघरी बाळंतिणींना तपासायला जायच्या. पाऊस असो, थंडी असो, पिशवी हँडलला अडकवायची आणि निघायचं. चढ आला की त्या उतरून मला ढकलत न्यायच्या आणि वर मलाच विचारायच्या, "काय गं, दमलीस का?" दमलेल्या त्या असायच्या! माझे टायर झिजले, ब्रेकचे रबर झिजले, सीट बसून बसून गुळगुळीत झाली. फार सुखाचे दिवस होते ते.

पुढे बाई निवृत्त झाल्या आणि मी जिन्याखाली गेले. एक दिवस एक ड्रायव्हर आला. शहराच्या प्रमुखांना, म्हणजे साहेबांना, सायकल हवी होती. नवी नको, जुनीच हवी, असं त्याने दोनदा बजावलं. मला तिथेच शंका आली. ज्याला सायकल चालवायची आहे तो माणूस धडधाकट सायकल मागेल. जुनी दिसायला हवी, असा हट्ट कशासाठी? बाई मात्र हरखून गेल्या. म्हणाल्या, "नशीब काढलंस बघ!"

साहेबांनी सभेत माझं हँडल धरून जाहीर केलं, "उद्यापासून मी कचेरीत सायकलवर येणार. इंधन वाचवा. माझ्यासारखं वागा." टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. त्याच भाषणात त्यांनी कचेरीतल्या कामगारांची सकाळची बसही बंद करून टाकली. प्रमुख सायकलवर येतो म्हटल्यावर तक्रार कोण करणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हरने पहिलं काम काय केलं असेल? माझी चेन काढून ठेवली. का, तर साहेबांच्या पांढऱ्या पँटला ग्रीस लागतं. चेनशिवाय मी जाणार कशी, या विचारात मी असतानाच मला उचलून एका बंद गाडीत मागे आडवं टाकलं आणि वर चादर घातली. साहेब पुढे गार हवेत बसले. कचेरीच्या अलीकडच्या वळणावर, एका भिंतीआड, मला खाली उतरवलं. तिथून फाटकापर्यंत सगळा उतारच आहे. साहेब बसले, पाय पेडलवर ठेवले आणि घरंगळत फाटकात पोचले. लोक म्हणाले, वा, वा! साहेबांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. कोरडं ठणठणीत कपाळ, मित्रांनो!

हे रोजचंच झालं. एकदा घरी त्यांच्या बायकोने मला चादरीखाली पाहिलं आणि विचारलं, "अहो, मग ती बस कशाला बंद केलीत?"

"लोकांना चांगली सवय लागेल."

"आणि तुम्हाला?"

साहेब म्हणाले, "तुला राजकारणातलं काही कळत नाही." आणि जेवायला बसले.

कचेरीत झाडलोट करणाऱ्या एक मावशी होत्या. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायच्या. बस बंद झाल्यापासून त्या पायी यायच्या. एक गुडघा आधीच दुखरा, तो आता सुजून टम्म झाला होता. पण दुसरं कुणी कुरकुरलं तर त्याच कान उपटायच्या. "एवढा मोठा माणूस घाम गाळत येतो, आणि आपल्याला चालायला काय धाड भरलीय?" हे ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मुकादमाने त्यांना ताकीद दिली होती, की आणखी एकदा उशीर झाला तर दुसरी बाई बघेन. घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच.

आणि एक दिवस गुडघ्याने दगा दिला. मावशींना उशीर झाला. इतका, की त्या लंगडत वळणावर आल्या तेव्हा ड्रायव्हर मला गाडीतून उतरवत होता. मावशी थबकल्या. त्यांनी मला पाहिलं, साहेबांना पाहिलं, गाडीही पाहिली. कुणाचंच त्यांच्याकडे लक्ष नव्हतं.

त्या फाटकात पोचल्या तेव्हा साहेब लोकांच्या घोळक्यात माझ्याजवळच उभे होते. मुकादम ओरडला, "मावशी, संपलं आता! उद्यापासून येऊ नका." साहेबांना उपदेशाची उबळ आली. म्हणाले, "मावशी, माझ्याकडे बघा. या वयात मी सायकल मारत येतो. मला कधी उशीर होतो का?"

मावशींच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. पण आवाज चांगला खणखणीत होता.

"साहेब, तुमची सायकल गाडीत बसून येते आणि मी चालत येते. उद्यापासून आम्हा दोघींना एकदमच आणा."

कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांनी ड्रायव्हरकडे पाहिलं, ड्रायव्हरने आपल्या बुटांकडे. मला बाजूला घ्यायला मुकादम पुढे आला, तर त्याचा पाय माझ्या पेडलला लागला आणि पेडल नुसतंच गरगर फिरलं. चेनच नव्हती, चाक जागचं हललं नाही. सगळ्यांनी पाहिलं. साहेब तडक आत गेले.

मुकादम हळूच म्हणाला, "मावशी, जा आत. झाडायचं राहिलंय."

पुढे बस सुरू झाली. पेपरात छापून आलं, की साहेबांना कामगारांची दया आली. दया! मी रोज त्यांच्याखाली होते, मला विचारा. आता ते उघड उघड गाडीतून येतात आणि मी आवाराच्या मागे गंजत पडले आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी सायकल असेल तर तिला तेल घाला, हवा भरा आणि तिला चालवा. फोटोपुरती पुसू नका. आणि कुणी मोठा माणूस 'माझ्यासारखं वागा' म्हणून सांगायला लागला, तर टाळ्या वाजवण्याआधी एवढंच बघा, की त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून कोण पायी निघालंय. मावशींचा गुडघा अजून बरा झालेला नाही.